हात आधी हलला

आज बार्शी-सोलापूर एसटीत शेजारी एक बाई आणि त्यांची अठरा-एकोणीस वर्षांची लेक येऊन बसल्या. त्यांनी फाइल उघडली तेव्हा वरच जातीचा दाखला दिसला. पारधी. आणि माझा हात मांडीवरच्या पर्सवर गेला. विचार नंतर आला, हात आधी. बाईंनी ते पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत, फक्त जरा पलीकडे सरकल्या.

दिवसभर तेच डोळ्यांसमोर आहे. मला आजवर कुणा पारध्यानं काडीचाही त्रास दिलेला नाही. पण लहानपणी "पारधी आलेत, दारं लावा" हे इतक्यांदा ऐकलंय की ते अंगात मुरलंय. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. १९५२ मध्ये कायदा गेला. सोलापुरात अशा जमातींना कोंडून ठेवलेल्या वसाहतीचं 'सेटलमेंट' हे नाव अजून आहे, आणि माझ्या हातात ती सवय.

पुढे लेकीनं नर्सिंगच्या फॉर्ममधला एक रकाना विचारला. आम्ही मिळून भरला. तेव्हा मनात आलं, 'या मायलेकी वेगळ्या आहेत.' मला याचंच जास्त वाईट वाटलं. समोरचं माणूस चांगलं निघालं की त्याला अपवाद ठरवायचं आणि जुना समज जिथल्या तिथं ठेवायचा! म्हणूनच एका भेटीनं काही हलत नाही. बरोबरीच्या नात्यानं पुन्हा पुन्हा भेटावं लागतं.

उतरताना बाईंनी पिशवीतले दोन पेरू माझ्या हातात ठेवले. पोरीचा नंबर घेतलाय. प्रवेशाची यादी लागली की फोन करणार आहे.