आधी मागे काय आहे ते बघा

ट्रॅप किंवा स्कीट, म्हणजे हवेत उडणारी तबकडी बंदुकीनं टिपायचे खेळ, नव्यानं खेळू लागलेले लोक मला हमखास विचारतात, ‘गॉगल कोणत्या रंगाचा घेऊ?’ तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून आधी मीच विचारतो: तुमच्या रेंजवर तबकडी उडते तेव्हा तिच्या मागे काय असतं? झाडी, मातीचा बांध की मोकळं आकाश? आणि तबकडी भगवी की काळी?

कारण तबकडी जेमतेम ११ सेंटिमीटर रुंद. ती मागच्या रंगातून किती सुटी दिसते, यावर सगळं अवलंबून. भगवी तबकडी हिरव्या झाडीपुढे असेल तर जांभळट काच चांगली. ती हिरवा रंग दाबते आणि भगवा वर काढते. पिवळी काच निळा प्रकाश अडवते, म्हणून ढगाळ हवेत किंवा सकाळच्या मंद उजेडात कडा ठळक वाटतात. भर उन्हात मात्र ती नकोशी होते. तिथे करडी किंवा तपकिरी बरी. काही पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. तुम्ही त्यांतले असाल तर दुसऱ्याचा सल्ला, माझाही, बाजूला ठेवा आणि स्वतः लावून बघा.

रंगाहून जास्त लोक फसतात ते गडदपणात. ऊन आहे म्हणून काळीकुट्ट काच घेतली की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि नजरेची धार कमी होते. डोळे किलकिले न करता निभेल इतकी फिकट काच घ्या. उजेडानुसार रंग बदलणारी काच मला पटत नाही. ढग क्षणात सरतो, काचेला मिनिटं लागतात. पोलराइज्ड काचही नको, कारण तबकडीवरची चमक ती खाऊन टाकू शकते, आणि ती चमकच तर आपण टिपत असतो.

काच पॉलिकार्बोनेटची आणि धक्क्याला टिकणारी हवी, फुटलेल्या तबकडीचे तुकडे मागे येतात. दुकानात नुसतं आरशात बघू नका. गाल बंदुकीच्या दस्त्यावर टेकवल्यासारखी मान झुकवा. आता तुम्ही काचेच्या वरच्या, नाकाकडच्या भागातून बघताय. तिथे फ्रेमची कड आडवी येत असेल तर रंग कितीही छान असो, ती ठेवून द्या. नंबरचा चष्मा असेल तर हीच ढब चष्मेवाल्याला करून दाखवा, म्हणजे तो काचेचा मध्य त्या जागी घेईल.

काचा बदलता येणारी एक फ्रेम आणि दोन काचा, एक फिकट, एक मध्यम, एवढ्यावर सुरुवातीला भागतं.