सेव्हेनचे चढ आणि माझी सायकल

सोमवारी दुपारी एक वाजता मी झेनोलाकच्या स्टेशनवर उतरले. बेकरी बंद, किराण्याचं दुकान बंद, कॅफेच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. फ्रान्सच्या खेड्यांत दुपारी साडेबाराच्या सुमाराला दुकानं मिटतात ती तीन-चार वाजल्याशिवाय उघडत नाहीत, आणि सोमवारी कित्येक उघडतच नाहीत. हे मी निघण्याआधी वाचलं होतं, तरी खाणं भरून घेतलं नव्हतं. माझ्याजवळ दोन केळी आणि पुण्याहून आणलेल्या चिक्कीचं अर्धं पाकीट होतं. समोर सहाशे मीटरची चढाई होती.

सेव्हेन हा दक्षिण फ्रान्समधला डोंगराळ मुलूख. नीमहून उत्तरेकडे जाणारी रेल्वे बोगद्यांतून आणि कमानींच्या पुलांवरून चढत जाते. कर्जत-लोणावळ्याची सवय असलेल्या डोळ्यांना ती वाट फार ओळखीची वाटते. पाऊसही आपल्याच तऱ्हेचा. भूमध्य समुद्रावरून येणारी दमट हवा या डोंगरांवर आदळून वर चढते, थंड होते आणि कोसळते, सह्याद्रीत होतं तसंच. फरक महिन्यांचा. तिथे ही झोड मुख्यतः शरद ऋतूत उठते, म्हणून मी जून निवडला.

तयारी पुण्यातच सुरू केली होती. माझ्या सायकलला पुढे 50 आणि 34 दात्यांच्या चकत्या होत्या आणि मागच्या कॅसेटचं, म्हणजे दातेरी चाकांच्या संचाचं, सर्वांत मोठं चाक 28 दात्यांचं. रिकाम्या सायकलवर मी सिंहगड त्याच गिअरवर चढत असे. मागे सामान लादून पहिल्यांदा चढले, तेव्हा निम्म्यात गुडघे बोलायला लागले. मेकॅनिकने पुढे 46-30 आणि मागे 34 पर्यंतची कॅसेट बसवून दिली. आता सर्वांत हलक्या गिअरवर पेडल एकदा पूर्ण फिरवलं की सायकल दोन मीटरसुद्धा पुढे जात नाही. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तरी वेग ताशी सात किलोमीटरच्या आत. माझ्या ग्रुपमध्ये काहींना हे कमीपणाचं वाटलं. मला वाटत नाही. वेलोसियो या नावाने लिहिणारे सँत-एत्येनचे पॉल द व्हिवी (1853–1930) यांनी सायकलच्या बदलत्या गिअरसाठी आयुष्यभर बाजू लढवली, आणि तूर द फ्रान्स शर्यतीत डिरेलरला, म्हणजे साखळी एका चाकावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेला, परवानगी मिळाली ती थेट 1937 साली. डोंगरात सामानासह फिरणाऱ्या आम्हा सगळ्यांवर त्या माणसाचं ऋण आहे.

भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, हा नियमही वेलोसियोंचाच. तो मी पहिल्याच दिवशी मोडला. वियालासच्या पुढे, चेस्टनटच्या सावलीतून जाणाऱ्या रस्त्यावर हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे पांढरं दिसू लागलं. फ्रेंच सायकलस्वार या अवस्थेला फ्रँगाल म्हणतात. मी सायकल दगडी बांधाला टेकवून खाली बसले. बांधावरच्या बागेतून एक आजी उतरून आल्या. माझं तुटकं फ्रेंच त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही, घरात गेल्या आणि पाव, पेलार्दों नावाचं शेळीच्या दुधाचं चपटं गोल चीज आणि गार पाण्याचा जग घेऊन आल्या. खाऊन होईस्तोवर शेजारी उभ्या राहिल्या. निघताना म्हणाल्या, “बाँ कुराज!” या मुलुखात चढावरच्या सायकलवाल्याला दिसेल तो माणूस हेच म्हणतो, धीर धर अशा अर्थाने. पुढच्या चार दिवसांत ते मी किती वेळा ऐकलं त्याची मोजदाद नाही. प्रत्येक वेळी पायांत थोडं बळ आलं, हे मात्र खरं.

तो दगडी बांध पुढे सगळीकडे दिसत राहिला. डोंगरउतारावर चुन्याशिवाय रचलेले बांध, त्यांत अडवलेली माती, वर चेस्टनट. गहू नीट पिकत नसे तिथे माणसं चेस्टनट वाळवून, दळून वर्ष काढत. त्या झाडाला तिथे पावाचं झाड म्हणतात. आता कित्येक बांध ढासळले आहेत आणि जंगलाने ते पोटात घेतले आहेत.

क्र्वा द बेर्तेलची खिंड 1088 मीटरवर आहे. तिथे पोचायला मला संध्याकाळ झाली. पलीकडच्या उतारावर पिवळ्या फुलांची झुडपं दाटली होती, आणि तळाशी तार्न नदीकाठी ल पाँ द माँव्हेर हे दगडी गाव. मुक्काम तिथेच. 24 जुलै 1702 च्या रात्री याच गावात प्रोटेस्टंट लोकांनी कैदेतल्या आपल्या माणसांना सोडवलं आणि त्यांचा छळ करणाऱ्या कॅथलिक पाद्र्याला ठार केलं. तिथून कामिझारांचं, म्हणजे इथल्या प्रोटेस्टंट बंडखोरांचं, बंड पेटलं. शेतकरी आणि लोकर विंचरणारे कारागीर फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या फौजेला या डोंगरांत दोन वर्षं झुंजवत राहिले. पुलावर उभी असताना मला राहून राहून वाटत होतं की त्याच सुमाराला ताराबाईंची माणसं सह्याद्रीत औरंगजेबाच्या फौजेला अशीच झुंजवत होती. एकमेकांचं नावही ठाऊक नसलेले दोन मुलूख, आणि दोघांच्या मदतीला डोंगरच.

मंगळवार सोपा. तार्नच्या काठाने फ्लोराकपर्यंत वीसेक किलोमीटर जवळजवळ सगळा उतार. फ्लोराकला सामान जमिनीवर मांडलं आणि एकेक वस्तू हातात घेऊन ठरवलं. जीन्स, दुसरे बूट, जाड पुस्तक, जादा चादर. चार किलो निघाले. ते पोस्टाने नीमच्या मुक्कामाच्या पत्त्यावर पाठवून दिले. कुणी या भागात जाणार असेल तर हे घरूनच करून निघावं. सपाटीवर चार किलो जाणवत नाहीत. चढावर दर वळणाला जाणवतात. बेकरीतून दोन दिवसांचं खाणं घेतलं. पाण्याची युक्तीही तिथेच शिकले. गावाची कारंजी दिसली की आधी पाटी वाचायची. पिण्याजोगं नसेल तर तसं लिहिलेलं असतं. काहीच सापडलं नाही तर गावाबाहेरच्या कबरस्तानात फुलांना घालण्यासाठी बहुतेक ठिकाणी नळ असतो.

बुधवार माँ एगुआल या शिखराचा. उंची 1565 मीटर. सकाळी सात वाजता निघाले. पेर्झुरेच्या घाटात रस्त्याकडेला रोझे रिव्हिएरचं स्मारक लागतं. 10 जुलै 1960 ला तूरमध्ये इथे उतरताना चोवीस वर्षांचा हा शर्यतपटू कठड्यावरून खाली पडला, पाठीचा कणा मोडला, पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही. मी सायकल उभी करून दोन मिनिटं थांबले. उतरण्याची भीती मला चढण्यापेक्षा जास्त वाटते, आणि ती वाटली पाहिजे असंच माझं मत आहे.

पेर्झुरेनंतर मी घड्याळ पिशवीत टाकलं. अंदाजानेच दर अर्ध्या तासाला काहीतरी तोंडात, दर दहा मिनिटांनी पाण्याचा घोट, आणि गिअर कायम गरजेपेक्षा एक हलका. दम लागत नव्हता. पाय चालत राहिले आणि डोळे मोकळे झाले. बीचची झाडं सुरू झाली, गुळगुळीत करड्या खोडांची, मग सूचिपर्णी. हे जंगल मुळात असं नव्हतं. मेंढ्यांची चराई आणि लाकूडतोड यांनी एगुआल उघडा पडला होता, पुरात माती वाहून जात होती. 1875 पासून वनाधिकारी जॉर्ज फाब्र यांनी तो पुन्हा लावायला घेतला. ज्या सावलीत माझा घाम सुकत होता ती कुणीतरी रोपं वाहून नेऊन उभी केलेली होती. ताशी सात किलोमीटरच्या वेगात हे नुसतं वाचण्याऐवजी झाडागणिक बघता येतं.

माथ्यावर हवामान वेधशाळेची किल्ल्यासारखी दिसणारी 1894 सालची इमारत आहे. तिथे धुकं होतं, दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. हवा स्वच्छ असेल तर आल्प्स आणि पिरेनीज दोन्ही दिसतात म्हणे. मला तिथे ऊब आणि गरम सूप मिळालं, तेवढ्यावर मी समाधानी होते. जाकीट, हातमोजे, मागचा लाल दिवा आणि चकाकणारं जॅकेट घालून उतरायला लागले. दिसणं कमी झालं की गावाबाहेर सायकलवर ते जॅकेट घालणं तिथे कायद्याने सक्तीचं आहे.

सेरेरेदच्या खिंडीत एका अंगाचं पाणी एरो नदीतून भूमध्य समुद्राला जातं, दुसऱ्या अंगाचं तार्न आणि गारोनमधून अटलांटिकला. महाबळेश्वरच्या एका बाजूची सावित्री अरबी समुद्राला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला जाते, ते आठवलं. तिथून वालरोगपर्यंत उतारच उतार. ब्रेक धरून ठेवायचे नाहीत, वळणाआधी दाबायचे आणि वळणात सोडायचे, हे स्वतःशी मोठ्याने म्हणत उतरले. तीनदा थांबून चाकांच्या डिस्क निवू दिल्या. धुकं संपलं, चेस्टनट परत आले, खाली घरांची छपरं दिसली.

वालरोगला पुलाखाली एरोच्या पाण्यात गुडघ्यापर्यंत उभी राहिले. पाणी बर्फासारखं गार. काठावरून एक गृहस्थ कुत्रा फिरवत चालले होते. त्यांनी सायकलीकडे पाहिलं, डोंगराकडे बोट दाखवलं आणि विचारलं, “एगुआल?” मी मान हलवली.