नेरुळच्या तळ्याकाठची न सापडलेली डबी

ठाण्याहून नेरुळला जायला पनवेल लोकल सोयीची. रविवारी दुपारी बसायलाही मिळतं. भाच्याला घेऊन निघाले होते ज्वेल ऑफ नवी मुंबई या तळ्याकाठच्या बागेत, जिओकॅशिंगसाठी. कुणीतरी लपवलेली डबी फोनच्या जीपीएसवर हुडकायची, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबी होती तशी ठेवायची. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर यांनी ओरेगनच्या रानात पहिली बादली लपवली. तेव्हापासून हा खेळ चालू आहे.

ज्वेलचं तळं नुसतं शोभेचं नाही, तो होल्डिंग पाँड आहे. भरतीत खाडीचं पाणी शहरात शिरू नये म्हणून झडपा मिटतात, पावसाचं पाणी इथे साठतं आणि ओहोटीला खाडीत उतरतं. अशा ओलसर काठावर कागद ठेवायचा म्हणजे धाडसच!

नेमकी जागा सांगत नाही. झाडाखाली जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे होतो, म्हणून आजूबाजूचे दगड, कठडा, बाकाची खालची बाजू, सगळं चाचपलं.

"ताई, काय हरवलंय?" सुरक्षा रक्षकाने विचारलं. खेळ समजावून सांगितल्यावर म्हणाला, "इथला झाडोरा मागच्या आठवड्यात साफ केला की."

भाच्याने खिशातून गोळ्यांची डबी काढली. "मावशी, हीच ठेवू. नाव लिहू, झालं!"

याला खेळात थ्रोडाउन म्हणतात, आणि मला त्याचा राग आहे. मूळ डबी दोन हातांवर लपलेली असेल तर एका जागी दोन होतात. मालकाला, म्हणजे मूळ डबी लपवणाऱ्याला, पत्ता नसतो, आणि पुढचे लोक भलत्याच डबीत नाव लिहून खूश. दुसऱ्याच्या दारात आपली तुळस ठेवण्यातला प्रकार. आम्ही खेळाच्या संकेतस्थळावर, डबीच्या पानावर, 'डीएनएफ', म्हणजे सापडली नाही, अशी नोंद केली आणि झाडोरा कापल्याचंही लिहिलं. ही नोंद करायला लोक लाजतात. पण डबी न सापडलेले सगळे गप्प बसले तर मालकाला कळणार कसं?

पुढची डबी सापडली, पण झाकण तडकलेलं आणि आतल्या कागदाचा लगदा. डबी पुसली, माझ्याकडची झिपलॉक पिशवी आणि कागदाची कोरी पट्टी आत घातली, पट्टीवर सही केली. जुना लगदा फेकला नाही, तो मालकाचा. एवढी डागडुजी चालते. मग फोटो घेतला, त्यात जागा ओळखू येणार नाही असा, आणि मालकाने लक्ष द्यावं अशी नोंद टाकली. मालक महिनोन्महिने गप्प राहिला तर रिव्ह्यूअरला, म्हणजे संकेतस्थळावरच्या डब्या तपासणाऱ्याला, कळवायचं. तो आधी डबीचं पान तात्पुरतं बंद करतो, तरीही हालचाल नसेल तर कायमचं.

इथला मालक जागा निघाला. रात्रीच उत्तर आलं: पहिल्या डबीचं पान बंद ठेवतो, पाऊस संपला की नवी ठेवीन. भाचा विचारतोय, दिवाळीच्या सुट्टीत ठेवतील का.