नोंदवहीतल्या क्रमांकापासून मसुऱ्यापर्यंत

मॉरिशसमधल्या मराठी घरांत गणपती, गोंधळ आणि झाकरी (कोकणातल्या जाखडीसारखा नाच) पिढ्यानपिढ्या टिकून राहिली, पण मूळ गावाचे नाव फार थोड्या घरांना सांगता येते. आमच्याकडेही 'आपण रत्नागिरीकडचे' यापलीकडे कोणाला काही ठाऊक नव्हते. ते गाव शोधताना जे कळले ते सविस्तर लिहिते आहे, कारण या वाटेला लागलेली कुटुंबे बहुधा पहिल्याच पायरीवर, म्हणजे आडनावापाशी, अडतात.

१८३४ पासून येथे येऊ लागलेल्या करारबद्ध मजुरांची नोंद करताना मजुराचे स्वतःचे नाव आणि बापाचे नाव लिहिले जाई, आणि पुढे बहुतेक घराण्यांत त्या पहिल्या माणसाचे नावच आडनाव होऊन बसले. आमचे आडनाव म्हणजे खापरपणजोबांचे पाळण्यातले नाव. ते घेऊन कोकणात चौकशी करण्यात काहीच अर्थ नव्हता. खरा धागा असतो तो प्रत्येक मजुराला मिळालेल्या क्रमांकाचा. जुन्या जन्म, विवाह आणि मृत्यूच्या दाखल्यांत तो आढळतो, म्हणून मी वडिलांच्या जन्मदाखल्यापासून एकेक पिढी मागे जात राहिले. एकच नाव दर दाखल्यात वेगळ्या फ्रेंच वळणाने लिहिलेले असल्यामुळे आईचे नाव आणि मळ्याचे नाव ताडून पाहिल्याशिवाय पुढे सरकता येत नसे. अखेर पणजोबांच्या विवाहनोंदीत, त्यांच्या वडिलांच्या नावापुढे, तो क्रमांक मिळाला.

स्थलांतरितांच्या मूळ नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत. दाखल्यांची साखळी तिथे सादर केल्यावर आमची ओळ समोर आली: जहाज मुंबईचे, वय २२, डाव्या भुवईवर व्रण, बापाचे नाव, जिल्हा रत्नागिरी, परगणा मालवण, गाव 'मसुरा'. मजुरांची छायाचित्रे काढण्याची पद्धत १८६० च्या दशकात सुरू झाली आणि खापरपणजोबा त्याआधीच आलेले. त्यामुळे त्यांचे रूप सांगणारे त्या व्रणाखेरीज आमच्याकडे काहीही नाही. मी ती ओळ कितीतरी वेळ वाचत बसले होते.

जुन्या नोंदींतला 'रत्नागिरी जिल्हा' वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. १९८१ मध्ये त्यातून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि मालवण आज सिंधुदुर्गात आहे. तिथल्या नकाशात भरतगडाच्या पायथ्याशी मसुरे सापडले, तेव्हा लेखनिकाने कानाने ऐकून लिहिलेल्या 'मसुरा'चा उलगडा झाला.

मसुरे मात्र अनेक वाड्यांचे गाव आहे आणि नोंदवहीत वाडीचा रकानाच नसतो. गावातल्या वडीलधाऱ्यांनी मला अतिशय आपुलकीने बसवून घेतले आणि कोणत्या भावकीत परागंदा झालेल्या माणसाची गोष्ट सांगितली जाते, याची विचारपूस केली. तशी दोन घराणी निघाली. त्यांतल्या एकाकडे जमिनीचे जुने मोडी कागद आहेत, आणि मोडी वाचणाऱ्या एका जाणकारांनी त्यांचे लिप्यंतर करायला घेतले आहे. बापाचे नाव त्यांत आढळले तरी तेवढ्यावर नाते सिद्ध होणार नाही, कारण त्या काळी तीच ती नावे घरोघरी असत. शेजारच्या खातेदारांची नावे आणि कुळाचा देवही जुळतो का, हे पाहावे लागेल.