94 आणि 7

राजापूर तालुक्यातल्या एका वाडीतून तक्रार आली: रात्री नेट चालत नाही. मी तिथल्या एका केबल कंपनीत फायबरचं काम बघतो. आमची बरीचशी फायबर विजेच्या खांबांवरून, काही ठिकाणी तर फणसाला बांधून नेलेली. कुठेतरी फांदी पडली असणार, असं धरूनच निघालो.

घर चिऱ्याचं, राउटर पडवीत. अशा जाड भिंतींतून वायफाय माजघरात पोचत नाही, हे आमचं पाठ झालेलं उत्तर. पण या दादांनी लॅपटॉपला आधीच लॅन केबल लावून ठेवली होती. आयटीतली नोकरी, लॉकडाऊनपासून मुक्काम गावीच, मीटिंगा अमेरिकेशी. म्हणजे रात्री आठनंतरच.

फायबरमधून येणारा प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावला. उणे 19 डीबीएम. उणे 27 पर्यंत चालतं, म्हणजे लाइन ठणठणीत. स्पीड टेस्ट केली, 94 एमबीपीएस. प्लॅन 100 चा, राउटरचं पोर्टही 100 चं. याहून जास्त येणार कुठून? मी मीटर पिशवीत टाकायला लागलो तर दादा म्हणाले, "आता जरा सर्व्हर बदलून बघा."

मुंबईचा सर्व्हर निवडला. काटा 7 वर.

ॲप आपोआप जवळचा सर्व्हर पकडतं, आणि तो आमच्याच कंट्रोल रूममध्ये बसवलेला. म्हणजे 94 हा आकडा खोटा नव्हे, पण तो फक्त आमच्या दारापर्यंतचा. तिथून बाहेर जाणारी लाइन कंपनी विकत घेते आणि सगळ्या गिऱ्हाइकांत वाटते. रात्री जो तो मोबाइल, टीव्ही लावून बसतो. कंट्रोल रूममधून त्या लाइनचा ग्राफ मागवला: आठपासून माथा विळ्याने कापल्यासारखा सपाट, म्हणजे लाइन पूर्ण भरलेली. खांबावर चढून हे दुरुस्त होत नाही.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, सरकारी हिशोबाने 2 एमबीपीएसच्या वर सगळं ब्रॉडबँडच." बरोबर आहे. 2023 पर्यंत तर 512 केबीपीएसही ब्रॉडबँडच होतं. पण हे त्या माणसाला त्याच्याच पडवीत उभं राहून कोण सांगणार? मी तरी नाही सांगितलं. ग्राफच दाखवला.

तक्रार बंद करायला ॲपमध्ये कारणं तीनच: फायबर, राउटर, ग्राहकाचं उपकरण. वर ग्राहकाचा ओटीपी लागतो.

दादांनी चहा दिला, ओटीपी दिला नाही.