पप्पांचं घोरणं, नाकाची पट्टी ते सीपॅप मशीन - माझा अनुभव

आमच्या पप्पांचं घोरणं लई वर्षांचं. नाकाला लावायची पट्टी मेडिकलमध्ये सहज मिळते म्हणून सुरुवात तिथूनच केली. त्या पट्टीत स्प्रिंगसारखं प्लॅस्टिक असतं, ते नाकपुड्या बाहेरच्या बाजूला ओढून धरतं आणि नाकातली सगळ्यात अरुंद जागा जरा मोकळी होते, बास, एवढंच तिचं काम. सर्दीनं नाक चोंदून घोरणाऱ्याला चांगला फरक पडतो, माझ्या भावाला पावसाळ्यात पडतो. फक्त तोंड साबणानं धुऊन कोरडं करून लावायची, पप्पा रात्री तोंडाला तेल लावायचे त्यामुळं ती टिकायचीच नाही. आणि सकाळी ओढून काढू नका, कोमट पाण्यानं भिजवून हळू काढा, नाहीतर कातडं सोलतं.

पट्टी नीट बसली तरी पप्पांचं घोरणं काय थांबेना. मग आईनं बनियनला पाठीवर खिसा शिवून त्यात रबरी बॉल घातला म्हणजे उताणं झोपता येऊ नये, त्यानं आवाज कमी झाला पण आईचं म्हणणं एकच, आवाजाचं जाऊ दे रे, मधेच श्वास थांबतोय त्यांचा आणि मग दचकून धाप लागल्यासारखा येतोय. दिवसा रंकाळा तलावावर बाकड्यावर बसल्या बसल्या डोळा लागायचा. बीपी गोळ्या घेऊनपण वरच.

ईएनटी डॉक्टरांनी हे ऐकल्या ऐकल्या स्लीप स्टडी सांगितली. घरीच झाली, बोटाला ऑक्सिजनचा क्लिप, छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी. तासाला किती वेळा श्वास अडतो किंवा कमी पडतो तो आकडा त्यात येतो, 5 च्या आत नॉर्मल, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर गंभीर. पप्पांचा 30 च्या वर. अडथळा नाकात नव्हताच, झोपेत घसा सैल पडून मागं जीभ जात होती, तिथं नाकावरची पट्टी काय करणार? खालचा जबडा पुढं धरणारं दातांचं साधनपण असतं, पण पप्पांना कवळी, ते धरणार कशाला.

शेवटी सीपॅप. मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवायचा, 1981 साली ऑस्ट्रेलियात डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी काढलेली पद्धत. पहिले काही दिवस पप्पा मास्क काढून फेकायचे, लई चिडायचे. आम्ही दुपारी टीव्ही बघताना थोडा वेळ लावून सवय केली, नाकाच्या बाजूनं हवा गळत होती म्हणून मास्कचा साईझ बदलून घेतला, तेव्हा जमलं. ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे मशीनची हवा ओलसर करणाऱ्या टाकीत, डिस्टिल्ड वॉटरच घालतो, मास्कची उशी रोज धुतो, लाईट जाते म्हणून मशीन इन्व्हर्टरवर घेतलंय.

कुणाच्या घरी श्वास थांबत असेल तर पट्ट्यांवर महिने घालवू नका, आधी स्लीप स्टडी करा. आणि मशीन आलं म्हणून बीपीच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, पप्पांच्या अजून चालू आहेत, कमी करायच्या का ते डॉक्टर पुढच्या तपासणीत बघणार आहेत.