तुम्ही विचारलंत म्हणून: तुरुंगातल्या माणसाशी बोलायचं तरी काय?

दादा तुरुंगात आहे हे मी कुणापासून लपवत नाही, त्यामुळे प्रश्न येतात. त्यानं केलं काय, अजून किती वर्षं राहिलीत, असल्या चौकशांना मी उत्तर देत नाही. त्याचं काय ते कोर्टानं बघितलं आहे. पण एक प्रश्न लोक मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारतात. तेवढ्यावरूनच कळतं की यांचंही कुणीतरी आत आहे. कुणाचा नवरा असतो, कुणाचा मुलगा, तर कधी एखाद्या आजोबांची नात. "तुम्ही इतकं नियमित लिहिता, भेटायला जाता. बोलता तरी काय? आमचं तर 'बरा आहेस ना' झालं की पुढं काही सुचतच नाही."

जे त्याच्यावाचून घरात अडलंय ते मी त्याला सांगते. बाकीचं मग आपोआप निघतं.

बहुतेकांना वाटतं, भेटायला जायचं ते धीर द्यायला. 'काळजी करू नकोस, सगळं नीट होईल.' हे एकदा म्हणून झालं की त्याला 'हो' म्हणण्यापलीकडं काही उरत नाही, आणि मग दोघं गप्प बसतात. आतल्या माणसाला दिवसभर सगळे काही ना काही फर्मावतच असतात. कधी उठायचं, कधी रांगेत उभं राहायचं, दिवा कधी बंद होणार. त्याला कुणी काही विचारत मात्र नाही. 'तुला काय वाटतं?' हे वाक्य तिथं महिनोन्‌महिने कानावर पडत नाही. म्हणून मी विचारते. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आत्ता करावं की थोडं थांबावं, जुनी गाडी विकायची का, पुतणीनं गणित ठेवावं की सोडावं. खोटं खोटं मत मागत नाही, कारण ते त्याला लगेच कळतं. त्याच्या शब्दावर खरोखर काही ठरणार असेल तेवढंच विचारते, आणि काय ठरलं ते पुढच्या पत्रात कळवते. त्याच्या मताविरुद्ध ठरलं असेल तर तेही.

बाथरूमच्या नळाचंच सांगते. तो गळायला लागला तेव्हा माणूस बोलावून दहा मिनिटांत काम झालं असतं, पण घरातले नळ नेहमी दादाच दुरुस्त करायचा. मी पत्रात लिहिलं, नळ गळतोय, काय करू? उत्तरात दोन पानं आली. पेन्सिलनं काढलेली आकृती, बाण, आकडे. 'आधी टाकीचा कॉक बंद', आणि 'आधी' या शब्दाखाली दोन रेघा. समासात वेगळी सूचना: हे तू करू नकोस, छोटीला करू दे, तिची बोटं आत पोचतील. छोटी म्हणजे त्याची मुलगी. तिनं ते पान भिंतीला टेकवून ठेवलं आणि वाचत वाचत वायसर बदलला. मग तिचं पत्र गेलं. त्यावर त्याचा प्रश्न आला, वायसरची सपाट बाजू वर ठेवलीस की खाली? हिनं पुन्हा नळ उघडून बघितला. त्या एका नळावर बापलेकीचा पत्रव्यवहार कितीतरी दिवस चालला, आणि त्यात 'तुझी आठवण येते' असं कुणीच लिहिलं नव्हतं. तशी गरजच पडली नाही.

पत्रावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. फोन लागला की आवाज ऐकू येतो, ते हवंच असतं. पण मागं रांग असते, वेळ मोजलेली असते, आणि बऱ्याच ठिकाणी बोलणं रेकॉर्ड होतं. २०२० च्या साथीनंतर अनेक देशांतल्या तुरुंगांत व्हिडिओवरच्या भेटी रुळल्या. लांब राहणाऱ्यांना, म्हाताऱ्यांना त्याचा मोठा आधार आहे. पत्राची गोष्ट वेगळी. ते रात्री पुन्हा काढून वाचता येतं आणि वाईट दिवशी उशाशी ठेवता येतं. नेल्सन मंडेला १९६४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगात गेले तेव्हा त्यांना सहा महिन्यांतून एक भेट आणि एक पत्र मिळायचं, तेही पाचशे शब्दांच्या आत. एवढंसं पत्रही अडवून अडवून, मेहेरबानी केल्यासारखं दिलं जायचं. आपल्याला त्याहून कितीतरी जास्त मुभा आहे, तर कंटाळा करू नये असं मला मनापासून वाटतं.

पत्राच्या काही गोष्टी मात्र सांभाळा. प्रत्येक पत्रावर तारीख आणि क्रमांक घाला. पत्रं तपासली जातात, अडकतात, मागचं पुढं पोचतं. क्रमांक असला की मधलं कुठलं आलं नाही ते त्याला कळतं आणि 'ही लिहीतच नाही' असा राग धरत नाही. पाकिटावर कैदी क्रमांक आणि पूर्ण नाव लिहा, त्याच्या कागदपत्रांत आहे अगदी तसं. खटल्याबद्दल पत्रात आणि फोनवर चकार शब्द काढू नका. ते बोलणं वकिलाकडं. आणि पाकिटात काय घालता येतं ते आधी त्या त्या तुरुंगात विचारा. एके ठिकाणी फोटो चालतात, दुसरीकडे स्टेपलरची पिनसुद्धा चालत नाही.

छोटी पत्रासोबत अधूनमधून आपला पाय पाठवते. कोऱ्या कागदावर पाऊल ठेवायचं, भोवतीनं पेन्सिल फिरवायची आणि आत तारीख टाकायची. ही तिचीच कल्पना. फोटोत मुलगी मोठी दिसते, पण किती मोठी ते समजत नाही. या कागदावर तो स्वतःचा हात ठेवून बघतो. मागचं पाऊल आणि आताचं पाऊल शेजारी ठेवून त्यानं एकदा विचारलं होतं, बूट नवे घेतलेत ना? घेतले नव्हते. त्याच आठवड्यात घेतले.

मुलांचा विषय निघालाच आहे तर सांगते. छोटीला आम्ही खरं सांगितलं, तिच्या वयाला पेलेल अशा शब्दांत. बाबा परदेशी नोकरीला गेलेत हे ऐकायला सोपं वाटतं, पण मुलांना कुणीतरी कुठंतरी सांगतंच, आणि मग बाबांबरोबर घरातल्या सगळ्यांवरचा विश्वास जातो. शिवाय खोटं सांगितलं की मुलानं बापाशी बोलायचं तरी कसल्या आधारावर? भेटीला नेण्याआधी तिला सगळं सांगून ठेवलं होतं: दार मोठं असेल, झडती घेतील, मध्ये काच असेल, हात लावता येणार नाही. काचेचा धक्का मोठ्यांनाही बसतो. मंडेलांना पत्नी विनीचा हात हातात घेता आला तो १९८४ च्या मे महिन्यात, तब्बल २१ वर्षांनी.

मुलाखतीबद्दल, म्हणजे तुरुंगातल्या भेटीबद्दल, माझं मत ठाम आहे: झेपेल तेवढाच शब्द द्या. 'येते' म्हणून सांगितलं आणि गेलं नाही, की काय होतं ते आपल्याला दिसत नाही. तो सकाळपासून तयार असतो. केस विंचरलेले, त्यातल्या त्यात बरा शर्ट. एकेकाचं नाव पुकारलं जातं, माणसं जातात, परत येतात, आणि याचं नाव येत नाही. त्यापेक्षा कमी वेळा जा, पण ठरल्या दिवशी जा. निघण्याआधी त्या दिवशी भेटी आहेत ना याची खात्री करून घ्या, ओळखपत्रं बरोबर ठेवा, मूल नेणार असाल तर त्याचेही कागद. भांडण असेल तर सुरुवातीलाच काढा. शेवटच्या पाच मिनिटांत काढलेलं भांडण तो बरॅकमध्ये घेऊन जातो आणि पुढच्या भेटीपर्यंत एकटाच भांडत बसतो.

वाईट बातमी सांगायची का, हेही विचारतात. सांगायची. लवकर, आणि आपल्याच माणसानं. मंडाल्याच्या तुरुंगात असतानाच १९१२ मध्ये टिळकांच्या पत्नी गेल्या. मंडेलांची आई १९६८ मध्ये गेली, पुढच्या वर्षी थोरला मुलगा अपघातात गेला. दोन्ही वेळा अंत्यविधीला जाऊ दिलं नाही. आतल्या माणसाच्या आयुष्यातही मरणं येतात, आजार येतात, ती त्याच्यापासून दडवून ठेवायचा आपल्याला काय अधिकार? आमच्या काकांच्या वेळी घरात सगळे म्हणत होते, सुटल्यावर सांगू. मी गेले आणि सांगितलं. जाण्याआधी तिथल्या अधिकाऱ्यांना कळवून ठेवलं होतं, म्हणजे भेट संपल्यावर त्याच्यावर कुणाचंतरी लक्ष राहील. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्यानं विचारलं, काकूजवळ रात्री कोण झोपतंय? तो कोसळेल म्हणून आम्ही घाबरलो होतो आणि त्याच्या डोक्यात काकू होती.

कधी कधी संपर्क तुटतो तो घरच्यांमुळं नाही, नियमांमुळं. अशा वेळी हात जोडून उभं राहण्याआधी आपला हक्क काय ते माहीत असावं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं डिसेंबर २०१५ मध्ये कैद्यांच्या वागणुकीचे किमान नियम नव्यानं मंजूर केले, त्यांनाच मंडेला नियम म्हणतात. देशोदेशीच्या कायद्यासारखे ते बंधनकारक नाहीत, पण अर्जात दाखला द्यायला भक्कम आहेत. ५८ वा नियम म्हणतो, कुटुंबाशी पत्रानं आणि भेटींनी ठरावीक काळानं संपर्क ठेवू द्यावा. ५९ वा म्हणतो, शक्यतो घराजवळच्या तुरुंगात ठेवावं. ४३ व्या नियमानुसार शिक्षा म्हणून कुटुंबाशी संपर्क सरसकट बंद करता येत नाही; सुरक्षेसाठी अगदी आवश्यक असेल तेवढंच, तेही मर्यादित काळापुरतं बंधन घालता येतं. दुसऱ्या तुरुंगात बदली झाली किंवा गंभीर आजार झाला तर घरी लगेच कळवण्याचा कैद्याला हक्क आहे, हे ६८ व्या नियमात आहे. आमचं एक पत्र 'येथे नाही' असा शेरा मारून परत आलं होतं. बदली झालेली, आणि आम्हाला पत्ता नाही. तेव्हा मी लेखी अर्ज दिला, पोच घेतली. तोंडी विचारलेल्याचं कुणीच देणं लागत नाही.

एवढं करून फरक पडतो का, असंही विचारतात, थोडं थकलेल्या आवाजात. पडतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या तुरुंग विभागानं २००३ ते २००७ या काळात सुटलेल्या १६,४२० कैद्यांची नोंद तपासली आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांना कुणी ना कुणी भेटायला येत होतं, त्यांचा पुन्हा गुन्ह्यात दोषी ठरण्याचा धोका १३ टक्क्यांनी कमी निघाला. भेटणारी माणसं जितकी जास्त तितकं चांगलं. आणि सगळ्यात उपयोगी ठरलेल्यांमध्ये होते वडील, सासरची माणसं, धर्मगुरू आणि भावंडं. भावंडं! आपण धरून चालतो की हे काम आईचं किंवा बायकोचं. ती एकटी बाई झिजत राहते आणि भाऊबहिणी सणासुदीला विचारपूस करून मोकळे होतात. तुमच्या घरात असं चाललं असेल तर कामं वाटून घ्या. एकानं पत्र लिहावं, एकानं वकिलाकडं जावं, एकानं भेटीला. त्यालाही वेगवेगळी तोंडं दिसू देत, वेगवेगळ्या गोष्टी ऐकू देत.

आणि हे सगळं प्रत्येकानं केलंच पाहिजे असं नाही. ज्यानं तुम्हालाच मारलं, तुमच्याच लेकरावर हात टाकला, त्याला पत्र लिहिण्याचं तुमच्यावर कसलंही कर्ज नाही. कुणी रक्ताच्या नात्याची शपथ घालत असेल तर त्यांनी स्वतः लिहावं. एक बाई माझ्यापाशी हे विचारताना रडली होती. मी तिला म्हटलं, तुम्ही नाही गेलात तर चालेल. दुसरं काय सांगणार?

कधी तोच म्हणतो, येऊ नका. दादाही मध्ये बरेच दिवस भेटीला नको म्हणत होता. मी जाणं थांबवलं, पत्रं थांबवली नाहीत. 'का' असं विचारलं नाही. नळ, शाळा, आईचे चष्मे, छोटीचं पाऊल, सगळं जात राहिलं. उत्तर आलं तेव्हा त्यात पहिलीच ओळ गाडीच्या विक्रीबद्दल होती: एवढ्या कमी किमतीला दिलीतच कशी?

आता त्याच्या सुटकेची तारीख जवळ येते आहे आणि आमची पत्रं निराळीच झाली आहेत. मिनेसोटाच्या त्याच अभ्यासात असंही दिसलं होतं की सुटकेच्या जवळच्या काळातल्या भेटी जास्त कामी येतात, म्हणून मी आता शक्य तितकी जाते. कुठल्या ओळखपत्राची मुदत संपली, बँकेचं खातं बंद पडलंय का, मोबाइलचा जुना नंबर कुणाला गेला, लायसन्स पुन्हा काढायला काय लागेल, याची यादी तो तिकडून पाठवतो आणि मी इकडे एकेक मार्गी लावते. राहायचं कुठं यावर मात्र आमचं जमत नाही. त्याला आधी काही महिने वेगळं राहायचंय, मला तो सरळ घरी हवाय. मागच्या पत्रात त्यानं चार कारणं लिहिली, मी सहा लिहून पाठवली. छोटीला यात काय हवंय ते अजून दोघांनीही विचारलेलं नाही. पुढच्या मुलाखतीला तिला घेऊन जाणार आहे.